भूकंप निसर्गाचा, भिंत आपली

कोयना-वारणेच्या खोऱ्यात भूमीला लहानसा हादरा बसला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात चार ओळींची बातमी येते. धक्क्याची प्रत अमुक, केंद्रबिंदू तमुक गावापासून इतक्या अंतरावर, जीवित वा वित्तहानी नाही. या बातम्यांची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे, की त्या वाचून आपण पान उलटतो. मोठा भूकंप झाला म्हणजे मात्र चित्र पालटते. मदतीचे ट्रक निघतात, निधी उभे राहतात, नेत्यांचे दौरे होतात; आणि ‘निसर्गापुढे माणसाचे काय चालते?’ असा उसासा टाकून आपण पुन्हा आपापल्या कामाला लागतो. हा उसासा वरकरणी विनम्र वाटतो. वस्तुतः तो फार सोयीचा आहे. सगळा दोष निसर्गाच्या पदरात घातला, की आपल्या वाट्याला काही करणे उरतच नाही.

भूकंप होणे निसर्गाच्या हाती आहे, हे निर्विवाद. परंतु भूकंपात माणसे दगावणे ही बहुतांशी आपल्या बांधकामाची, म्हणजेच पर्यायाने आपल्या खर्चाच्या अग्रक्रमाची गोष्ट आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने भूगर्भाच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे कारण एवढेच. भूकंप कसा होतो, हे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. त्या ज्ञानाचे मोल कोणी, केव्हा आणि कशासाठी मोजायचे, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे.

प्रथम आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याकडे पाहू. आजऱ्याच्या आसपास जांभ्याचे सडे आहेत आणि जांभ्याखाली काळा कातळ आहे. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेल्या थरांचेच क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे. आपला जांभाही याच कातळाची ऊनपावसाने झालेली झीज होय. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आज आहे, त्याच्यावरून त्या काळी भारताची भूमी सरकत होती, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. भूमी पुढे आली, स्रोत मागे राहिला. रियुनियनचा ज्वालामुखी आजही अधूनमधून जागा होतो. आपला कायमचा निजला. भारताच्या हद्दीतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटावर आहे. तेव्हा सह्याद्रीत धक्का बसला, की ‘आता डोंगर फुटणार’ अशी जी हूल उठते, तिला आधार नाही. कोकणातील उन्हवऱ्यासारख्या ठिकाणचे गरम झरेही ज्वालामुखीचे दूत नव्हेत. भेगांतून खोलवर गेलेले पाणी तेथील उष्णता घेऊन वर येते, एवढाच त्यांचा अर्थ.

मग ज्वालामुखी निजलेला असताना भूमी हलते कशाने? पृथ्वीचे कठीण कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले असून या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. खालच्या तप्त प्रावरणावर हे भूपट्ट अत्यंत मंद गतीने सरकत असतात. ते जेथे एकमेकांपासून दूर जातात, किंवा जेथे एक दुसऱ्याखाली घुसतो, तेथे खोलवरचा खडक अंशतः वितळतो. हा रस भोवतालच्या खडकाहून हलका असल्यामुळे वर चढतो. त्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच उसळतात आणि ज्वालामुखीचा उद्रेक होतो. भूकंपाची गोष्ट निराळी. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूमीवर रेटतो आहे. हिमालय हे या रेट्याचेच फळ. परंतु रेटा केवळ हिमालयापाशी थांबत नाही. त्याचा ताण भूपट्टाच्या पोटातही पसरतो आणि जेथे जुन्या भेगा असतील तेथे साचत जातो. बांबू दोन्ही हातांनी वाकवत गेले, तर तो बराच वेळ वाकतो आणि एका क्षणी कडाड्कन मोडतो. मोडताना हाताला झिणझिण्या येतात. खडकाचेही असेच होते. भेगेच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून ठेवतात, ताण वाढत जातो आणि धरून ठेवण्याची शक्ती संपली, की त्या झटक्याने सरकतात. शेकडो वर्षे साठलेली ऊर्जा काही सेकंदांत लहरींच्या रूपाने मोकळी होते. या ऊर्जेच्या मापनात प्रत एकाने वाढली, की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दख्खनचे पठार हे प्राचीन, स्थिर आणि म्हणून निर्धोक, अशी समजूत एके काळी सर्वत्र होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगरने ती मोडली. ६.३ प्रतीच्या त्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात पाणी साठू लागल्याला तेव्हा अवघी पाच-सहा वर्षे झाली होती. जलाशयाचे पाणी खोलवरच्या भेगांत शिरते, तेथील दाब वाढवते आणि भेगेच्या बाजूंची एकमेकींवरील पकड सैल करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ताण निसर्गाचा; तो मोकळा होण्याचे निमित्त मात्र पाण्याचे. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांत हा जगात सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर त्या टापूत पाच वा अधिक प्रतीचे वीसहून अधिक धक्के बसले आहेत. पुढे तेथे तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले, तेव्हा लाव्ह्याचे थर सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइट आढळला. याचा अर्थ प्रत्येक धरण भूकंप घडवते असा नव्हे. चित्री किंवा आंबेओहोळ यांसारखे आपल्या तालुक्यातील जलाशय कोयनेच्या मानाने अगदीच लहान आहेत; त्यांच्या नावाने भय पसरवण्याचे कारण नाही.

कोयनेनंतर सव्वीस वर्षांनी किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३. वेळ पुन्हा पहाटेची, चार वाजण्याच्या किंचित आधीची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून लोक निजले होते. प्रत ६.२, म्हणजे कोयनेहून किंचित कमीच. परंतु लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे प्राणांस मुकली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते.

एकाच राज्यातील, जवळजवळ एकाच प्रतीचे, दोन्ही पहाटेच्या झोपेतले हे दोन भूकंप. मग एकीकडे दोनशे आणि दुसरीकडे आठ हजार, हा फरक कशाने पडला? कोयनेकडची वस्ती विरळ आणि किल्लारीकडची दाट, भूकंपही तेथे उथळ, हे एक कारण. परंतु ते पुरेसे नाही. सह्याद्रीच्या पावसाळी मुलुखात छपरे उतरती, कौलांची किंवा गवताची असत. किल्लारीच्या पट्ट्यातील घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. दरवर्षी पावसाआधी माळवदावर नवी माती पडे आणि जुनी तशीच राही. भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पापुद्रे; मध्ये माती आणि चिपा; दोहोंना बांधणारा लांब दगड क्वचितच. घर हे वरचे वजन खाली पोहोचवण्यासाठी बांधलेले असते. भूकंप त्याला आडवा ढकलतो. वजन जितके अधिक, तितका हा आडवा रेटा अधिक. दोन्ही पापुद्रे फाकले आणि टनावारी माती-दगड निजलेल्या माणसांवर आले. ज्या गावकऱ्याने दगडाची रुंद भिंत बांधली, तो मूर्ख नव्हता. ती भिंत उन्हाळ्यात गारवा देई, चोरापासून राखण करी आणि गावात पतही वाढवी. त्याने आपल्या हाताशी असलेल्या साहित्यात, आपल्याला दिसणाऱ्या धोक्यांचा हिशेब केला होता. न दिसणारा धोका त्याला कोणी सांगितला नव्हता.

हेच जागतिक प्रमाणावर पाहायचे असेल, तर २०१० या एकाच वर्षाकडे पाहावे. जानेवारीत हैती येथे ७.० प्रतीचा भूकंप झाला. बहुतेक अंदाजांनुसार लाखाहून अधिक माणसे गेली. पुढच्याच महिन्यात चिली देशात ८.८ प्रतीचा भूकंप झाला. त्याची ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट. मृत्यू सुमारे सव्वापाचशे आणि त्यांतलेही अनेक समुद्राच्या लाटांनी झालेले. चिलीने १९६० साली ९.५ प्रतीचा, आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता आणि बांधकामाचे नियम कडक करून ते पाळलेही होते. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी भिंतींविना मोकळा सोडलेला होता. तेव्हा दगड-माती वाईट आणि सिमेंट चांगले, इतके हे सोपे नाही.

येथे ज्वालामुखी आणि भूकंप यांतील एक भेद फार महत्त्वाचा ठरतो. ज्वालामुखी बहुधा वर्दी देतो. रस वर चढू लागला, की लहान धक्के बसतात, डोंगर फुगतो, वायू सुटतात. १९९१ साली फिलिपीन्समधील पिनातुबोच्या उद्रेकाआधी अशा खुणा ओळखून हजारो लोकांना हलवण्यात आले आणि मोठा संहार टळला. जे मेले, त्यांतील अनेक जण पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने कोसळलेल्या छपरांखाली मेले. तेथेही शेवटी प्रश्न छपरापाशीच आला. भूकंपाची मात्र वेळ सांगता येत नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगचा भूकंप ओळखून लोकांना आधी बाहेर काढण्यात आले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती; पुढच्याच वर्षी तांगशान येथे कोणतीही सूचना न मिळता अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी परिसरातही १९९२ मध्ये लहान धक्के बसले होते. पण ते मोठ्या भूकंपाची नांदी आहेत की नुसतेच धक्के, हे सांगण्याचे साधन आजही नाही. ज्या संकटाची वेळ कळत नाही, त्याला तोंड देण्याची तयारी सर्वकाळ उभी असली पाहिजे; आणि सर्वकाळ उभे असते ते फक्त घर.

हे घर सुरक्षित करण्याची विद्या गूढ नाही, फार महागही नाही. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या वरच्या आणि छपराखालच्या पातळीवर घराभोवती अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा असावा, म्हणजे चारी भिंती पेटीसारख्या एकत्र हलतात. कोपऱ्यांत उभ्या सळया असाव्यात, दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना पोहोचणारे लांब दगड ठराविक अंतरावर असावेत, छप्पर हलके ठेवावे आणि ते भिंतींना नीट जखडावे. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ बांधाव्यात आणि त्यांची टोके आत वळवावीत. माती आणि साध्या दगडविटांच्या घरांसाठीही भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे १९९३ पासून उपलब्ध आहेत. घराच्या एकूण खर्चात यामुळे काही टक्क्यांचीच भर पडते.

मग हे होत का नाही? येथे अर्थशास्त्र सुरू होते. बाजारात जी वस्तू डोळ्यांना दिसते तिला किंमत येते. फरशी दिसते, रंग दिसतो, दर्शनी भागाची नक्षी दिसते. पट्टा गिलाव्याआड जातो आणि रिंगा काँक्रीटच्या पोटात गडप होतात. चांगला गवंडी कोणता आणि वाईट कोणता, हे घरमालकाला भूकंपाखेरीज कळण्याचा मार्ग नाही. आणि तेव्हा कळून उपयोग नाही. सबब, चांगल्या कामाचा अधिक मोबदला मिळत नाही आणि जो मिळत नाही त्यासाठी कोणी झटत नाही. दुसरे असे, की मोठा भूकंप एखाद्याच्या आयुष्यात कदाचित एकदा येईल किंवा येणारही नाही. मुलीचे लग्न, खताचे पैसे आणि पोराची फी मात्र यंदाच दाराशी उभी असतात. अशा स्थितीत कुटुंबप्रमुख पट्ट्याचे पैसे वाचवतो, हा अविचार नव्हे. एकट्याने केलेला हिशेब असाच सुटतो. जे एकेकट्याच्या हिशेबात बसत नाही आणि तरीही सर्वांच्या हिताचे असते, त्याचसाठी समाजाने शासन आणि सहकार या संस्था निर्माण केल्या आहेत.

शासनाचा हिशेब तरी निराळा असतो काय? कोयनेच्या भूकंपात धरणाला तडे गेले आणि पुढे ते भक्कम आधार देऊन मजबूत करण्यात आले. हे योग्यच झाले. पण धरणाला मालक होता, अभियंता होता, अंदाजपत्रक होते. खेड्यातल्या घराला फक्त गवंडी असतो. किल्लारीनंतर शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी वसवली, सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीला साहाय्य दिले, गावोगावच्या महिलांना संवाद-सहायक नेमून लोकांना त्यात सामील करून घेतले. हे काम कौतुकास्पद होते, यात शंका नाही. पण आठ हजार जीव गेल्यावरच त्यासाठी तिजोरी उघडली. याला आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात. मदतवाटप दिसते, प्रतिबंध दिसत नाही. जे घर पडले नाही, त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येत नाही आणि त्याच्यासमोर कोणी फीत कापत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. आजरा कोयनेपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे. २००२ च्या मानक नकाशात कोयना परिसर चौथ्या आणि कोल्हापूर जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतो. घाबरून जावे असे यात काही नाही. परंतु ज्या तिसऱ्या विभागात आपण आहोत, त्याच विभागात किल्लारीच्या अनुभवानंतर लातूरही टाकण्यात आले, हे विसरू नये. आपल्याकडील जुने घर चिऱ्याचे वा मातीच्या भिंतींचे आणि कौलांचे. त्याच्या भिंतीत दोष असतील, पण डोक्यावरचा भार बेताचा होता. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या कमाईवर, कर्जावर, अनुदानावर गावोगाव स्लॅबची घरे उठली. संपन्नतेची ही खूण स्वागतार्ह आहे. पण स्लॅब म्हणजे कौलांच्या अनेकपट वजन आणि ते पेलणारे कॉलम किती जाड, त्यात सळी किती, रिंगा किती अंतरावर, हे पुष्कळदा अभियंत्याने नव्हे, तर शेजाऱ्याच्या घराकडे पाहून ठरते. मग खाली दुकानगाळा हवा म्हणून समोरची भिंत जाते आणि चार वर्षांनी थोरल्याचे लग्न ठरले, की वर आणखी एक मजला चढतो. आपण माळवदाची माती टाकून दिली आणि तिच्या जागी काँक्रीट चढवले. हिशेब मात्र जुनाच ठेवला.

यावर उपाय खर्चिक नाहीत. घरकुल योजनेत अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाते. त्याच छायाचित्रात पट्ट्याच्या आणि कोपऱ्यातल्या सळया गिलाव्याआधी दिसल्या पाहिजेत, एवढी अट घातली तर नवे कार्यालय लागत नाही की नवा अधिकारी लागत नाही. गवंडी-प्रशिक्षणाची तरतूद या योजनेत आहेच. ते प्रशिक्षण तालुक्यातल्या प्रत्येक गवंड्यापर्यंत पोहोचावे आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. म्हणजे चांगल्या कामाला बाजारात ओळख आणि किंमत येईल. आपला जिल्हा सहकाराचा. घरबांधणीचे कर्ज देताना पतसंस्था दोन जामीनदार मागते, उतारा मागते, पगाराचा दाखला मागते. ज्या घरावर हे सारे कर्ज उभे राहणार त्याच्या कॉलमबद्दल चौकशी क्वचितच होते. तारण म्हणून घेतलेली वास्तू टिकावी, यात संस्थेचाही स्वार्थ आहे. अभियंत्याने तपासलेल्या घराला व्याजात अल्पशी सवलत दिली, तर नियमांच्या धाकाहून तिचा परिणाम अधिक होईल. आणि सर्वांआधी शाळेच्या इमारती तपासाव्यात. कारण तेथे आपण एका छपराखाली दोन-तीनशे मुले बसवतो.

‘गरिबाला पोटभर मिळत नाही, तेथे भूकंपाचा पट्टा कुठला?’ असा आक्षेप घेतला जाईल. तो सहृदय आहे. परंतु घर पडल्यावर सर्वांत अधिक गमावतो तोही गरीबच. श्रीमंताचे घर पडते तेव्हा त्याची बँकेतली ठेव शाबूत असते. गरिबाची सारी बचत भिंतींतच गुंतलेली असते. म्हणून पट्ट्याचा तो अल्प वाढीव खर्च त्याच्यावर न टाकता अनुदानातच समाविष्ट केला पाहिजे. नुकसानभरपाईपेक्षा तो शासनालाही स्वस्त पडेल.

भूपट्ट सरकायचे थांबणार नाहीत आणि त्यांच्याशी आपल्याला वाटाघाटी करता येणार नाहीत. वाटाघाटी करता येतात त्या गवंड्याशी, पतसंस्थेशी, ग्रामपंचायतीशी आणि आपल्या स्वतःच्या हौसेशी. यंदा पावसाळा सरल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या दारात वाळू-खडीचे ढीग पडतील. त्या वेळी फरशीचा रंग ठरवण्याआधी, दारा-खिडक्यांवरून पट्टा अखंड फिरणार आहे की नाही, एवढा एक प्रश्न ज्याने त्याने विचारावा. भूकंप कसा होतो, हे शिकल्याचा व्यवहारातला अर्थ तो एवढाच आहे.